व्हॅक्यूम लीक आणि बूस्ट लीक: गळती हवेचीच, पण परिणाम उलटे

‘हवा गळतेय म्हणजे मिश्रण लीन’, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, हा नियम टर्बो नसलेल्या गाडीत बहुतेक वेळा चालतो. जुन्या टर्बो पेट्रोल गाडीला तोच जसाच्या तसा लावला, की काळा धूर सोडणाऱ्या गाडीत आधी ऑक्सिजन सेन्सर नवा बसतो, मग प्लग, मग इंजेक्टर. धूर तसाच राहतो, कारण गळती शोधायची होती ती इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात.

व्हॅक्यूम लीक बहुतेकांना ओळखता येतो. थ्रॉटल (हवा कमीजास्त सोडणारी झडप) आणि इंजिन यांच्या मधली एखादी नळी फाटते, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाचं) गॅस्केट किंवा इंजेक्टरची ओ-रिंग कडक होते. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, मॅनिफोल्डमधला दाब साधारण ०.३ ते ०.४ बार, बाहेरचा १ बार. त्यामुळे न मोजलेली हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. स्कॅनरवर आयडलला फ्यूल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ किंवा घट) अधिक २० टक्के आणि २,५०० आरपीएमला अधिक ५ दिसलं, तर व्हॅक्यूम लीकच शोधा.

बूस्ट लीक म्हणजे टर्बोच्या कॉम्प्रेसरपासून थ्रॉटलपर्यंतच्या पाइपातली गळती. ज्या गाडीत एअर फिल्टरनंतर आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे ही हवा आधीच मोजली गेलेली असते. सेन्सरने सेकंदाला १०० ग्रॅम मोजली, त्यातली १५ ग्रॅम सैल क्लॅम्पमधून बाहेर गेली, तरी ईसीयू पेट्रोल १०० ग्रॅमचंच सोडतो. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, हवा आणि पेट्रोलचं ठरलेलं प्रमाण १२ ला १ असेल, तर इंजिनात जाणारं मिश्रण १०.२ ला १ होतं, म्हणजे रिच, पेट्रोल गरजेपेक्षा जास्त. पिकअप मेलेला, मागे काळा धूर, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढलेला, आणि हे असंच चालू राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब.

एवढं होऊनही स्कॅनरवर बिघाडाचा कोड येईलच असं नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर जुने ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाहीत, आणि आयडलला त्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेइतकाच असल्यामुळे ट्रिमही सरळ दिसतं. ‘स्कॅनर स्वच्छ आहे, म्हणजे हवेचा प्रश्न नाही’ हा निष्कर्ष इथे साफ चुकीचा ठरतो.

खरी फसगत होते ती भोकाच्या जागेवरून. थ्रॉटलनंतरचं भोक आयडलला हवा आत घेतं, म्हणून लीन. बूस्ट आला, की त्याच भोकातून मोजलेली हवा बाहेर जाते, म्हणून रिच. आयडलला शिकलेलं जास्तीचं पेट्रोल काही ईसीयू लोडवरही लावतात, मग रिचपणा आणखी वाढतो. अशा गाडीला दोन वेगळे आजार आहेत असं समजून दोन्हीकडे पार्ट बदलले जातात. भोक एकच असतं.

तिसरी जागा एअर फ्लो सेन्सर आणि टर्बोचं तोंड यांच्या मधली. पाइप टर्बोचा म्हणून इथल्या गळतीलाही सर्रास बूस्ट लीक म्हणतात, पण इथे दाब नसतो, कायम ओढ असते. न मोजलेली हवा आत येते, आणि लोड वाढेल तशी ओढही वाढते. बूस्टमध्ये लीन म्हणजे नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) आणि जळालेला पिस्टन. या गळतीची शंका जरी आली, तरी ती सापडेपर्यंत गाडी जोरात पळवू नका.

एअर फ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल, तर हे गणित बदलतं. तिथे बूस्ट लीकमुळे मिश्रण फारसं बिघडत नाही. बूस्ट कमी मिळतो आणि टर्बोला जास्त राबावं लागतं. व्हॅक्यूम लीकमध्ये आयडल चढतो. म्हणून आधी बॉनेट उघडून सेन्सर कोणता आहे ते पाहा, स्कॅनर नंतर जोडा. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे पैसे देऊन बूस्ट लीक विकत घेणं. गिअर बदलताना मोजलेली हवा बाहेर फेकली जाते आणि क्षणभर मिश्रण रिच होतं. मूळ व्हॉल्व्ह ती हवा टर्बोच्या तोंडाशी परत नेतो, तोच ठेवा.

तपासणी इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये. एअर फ्लो सेन्सरनंतरचा पाइप सोडवून तोंडाला झाकण बसवा, क्रँककेसचा ब्रीदर पाइप बंद करा, नाहीतर दाब ऑइल सीलवर जाईल. हवा हळूहळू ०.५ ते ०.७ बारपर्यंत भरा, मूळ बूस्टच्या वर कधीही नको. जोडांवर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या होजची खालची बाजू हात घालून बघा, तेल झिरपून रबर तिथेच मऊ पडतं. सायलेन्सरमधून थोडी सूसू आली तर ती उघड्या व्हॉल्व्हमधली असते, क्रँक थोडा फिरवला की कमी होते. गरम टर्बोजवळ कार्ब क्लीनर मारून लीक शोधणं मात्र ताबडतोब बंद करा. त्याने आग लागते.

पी०१७१ (मिश्रण लीन) कोड, ट्रिम अधिक, पण सायलेन्सरला सीओ जास्त, असं उलटसुलट दिसलं तर इंटेक सोडा आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधीचा एक्झॉस्ट बघा. तडकलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून बाहेरची हवा सेन्सरपर्यंत येते. प्लग मिसिंग करत असेल तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि ट्रिम तसंच वर जातं, पण तेव्हा सीओऐवजी एचसी (न जळलेलं पेट्रोल) वाढतो. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो.

दुरुस्तीनंतर शिकलेलं ट्रिम पुसा, इंजिन पूर्ण गरम करा आणि आयडल व २,५०० आरपीएम दोन्हीकडे ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत आहे का बघा. धुराची तपासणी त्यानंतरच करून घ्या.