एम.ए.नंतर बी.एड. की नेट-सेट?

सोलापुरात इतिहास, मराठी किंवा राज्यशास्त्रात एम.ए. झालं की घरचे म्हणतात, "आता बी.एड. कर, कॉलेजात लागशील." सल्ला अर्धाच बरोबर आहे. एकाच आवारात ज्युनिअर आणि सीनियर कॉलेज भरतं, दोन्हीकडे शिकवणाऱ्यांना 'सर', 'मॅडम'च म्हणतात, त्यामुळे घोळ होतो.

अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए.सोबत बी.एड. हवं. बी.ए.च्या वर्गासाठी बी.एड. लागतच नाही. तिथे एम.ए.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 50) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. पीएच.डी.ची सक्ती विद्यापीठांच्या विभागांपुरती होती, तीही विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै 2023 मध्ये काढली. नेट देशभर चालते. सेट पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र-गोव्यापुरती. पण मराठीतून देता येते आणि वयाची अट नाही. आपल्याकडच्या मुलांना हे दोन्ही मोठे आधार.

खरा फरक मात्र तयारीत आहे. बी.एड. दोन वर्षांचं, आणि त्यात शिकवायला प्रत्यक्ष उभं करतात. आधी सूक्ष्म पाठ: पाचसहा मिनिटांत एकच कौशल्य, समोर आपलेच वर्गमित्र विद्यार्थी बनून बसलेले. मग शाळेत सराव पाठ. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, उद्दिष्टं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन असे रकाने. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन. रकाने भरताना कंटाळा येतो, पण फळ्याकडे तोंड करून बोलायची खोड तिथेच मोडते.

नेट-सेटमध्ये यातलं काही नाही. पहिल्या पेपरात 50 प्रश्न, दुसऱ्यात विषयाचे 100, सगळे बहुपर्यायी. पहिल्या पेपरात 'अध्यापन अभियोग्यता' हा घटक आहे खरा, पण तोही पर्याय निवडूनच सोडवायचा. पोहण्याची लेखी परीक्षाच म्हणा ना! सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे 1930 मध्ये इंग्रजांनी शहरात लादलेला लष्करी कायदा, घ्या. परीक्षेत फार तर विचारतील, चार हुतात्म्यांना फाशी कधी झाली? 12 जानेवारी 1931, दोन गुण. बी.ए.च्या वर्गात रोज चार हुतात्मा चौकातून येणारी पोरगी विचारते, "सर, मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर गिरणी कामगार रस्त्यावर का आले? त्यांचा काय संबंध?" इथे गिरण्या, मजुरी, काँग्रेस, पोलिसांचा गोळीबार हे सगळं एका तासात बांधून दाखवावं लागतं. शिवाय वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. पर्याय क्रमांक तीन इथे उपयोगी पडत नाही.

म्हणजे बी.एड. शाळेतल्या मुलांना शिकवायला तयार करतं आणि नेट-सेट विषय तपासते, बी.ए.चा वर्ग दोन्हींच्या मधे पडतो. ही फट बहुतेकजण तासिका तत्त्वावर काम करत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जिवावर, भरून काढतात. माझ्या मते हे बरं नव्हे.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी मात्र वाट आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण द्यावं असं म्हटलंय, आणि त्यांना आठवड्याला 4 ते 6 तास ट्युटोरियल व मूल्यमापनाचं काम देता येतं. हे तास मार्गदर्शकांकडे मागून घ्या. ट्युटोरियल मिळालं नाही तर निदान उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा त्यांच्याशेजारी बसून तपासा. कोणत्या उत्तराला पाच आणि कोणत्याला सात, यावर वाद घाला.