तुमच्या प्लॉटमधून डीपी रस्ता जातोय का?

जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, सोरेगाव या भागांत जागा बघणारे ग्राहक आम्हाला हमखास सांगतात, "सातबारा स्वच्छ आहे." असेलही. पण सातबाऱ्यावर मालक, क्षेत्र, पीक आणि बोजा दिसतो. विकास आराखड्यातला (डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजेच डीपी) रस्ता दिसत नाही. तो महापालिकेच्या नगररचना विभागातून मिळणाऱ्या झोन दाखल्यात आणि भाग नकाशात बघावा लागतो. जागेवर बाभळी आणि ज्वारी, नकाशावर मात्र १८ मीटरचा रस्ता, असं सर्रास असतं.

शहर पुढे कुठवर वाढेल याचा अंदाज बांधून हे रस्ते आखतात. सगळी जमीन एकदम ताब्यात घेण्याइतका पैसा कुठल्याच महापालिकेकडे नसतो. मग ज्याचं लेआउट किंवा बांधकाम मंजुरीला येतं, त्याच्याकडून त्याच्यापुरता तुकडा सुटतो. रुंद रस्ता अचानक कुणाच्या तरी कुंपणाला धडकून संपतो, तो बहुधा यामुळेच. तोवर त्या पट्ट्यात शेती चालू ठेवता येते, घराला परवानगी मिळत नाही.

मोबदला १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मिळतो: वाटाघाटीने रोख, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा), नाहीतर सक्तीचं भूसंपादन. मागे पुरेशी जागा उरत असेल तर तिथेच एफएसआय वापरावा, असं आमचं मत. टीडीआरला आधी गिऱ्हाईक शोधावं लागतं.

"दहा वर्षं झाली, आरक्षण आपोआप उठलं," हे एजंटचं बोलणं मात्र मनावर घेऊ नका. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत संपादन झालं नसेल, तर कलम १२७ खाली मालकाने हक्काच्या कागदांसह नोटीस द्यायची असते. त्यानंतर महापालिकेला २४ महिने मिळतात. तेवढ्यात तिने संपादनाचं पाऊल उचललं, तर रस्ता कायम. नोटीस कधी दिली, पुढे काय झालं आणि राजपत्रात आदेश निघाला का, हे विकणाऱ्याकडून कागदावरच मागा.

गुंठेवारीच्या (मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटच्या) खरेदीखताला जोडलेल्या हातनकाशावरचा "२० फुटी रस्ता" ही निराळीच भानगड. रेखांकन (लेआउट) मंजूर नसेल तर तो रस्ता विकणाऱ्याच्या शब्दावरच उभा असतो.

आखणीची रेघ बांधावरून पावलं टाकून ठरत नाही. सरकारी मोजणी आणि महापालिकेची जागेवरची आखणी झाल्याशिवाय पाया खणू नका. चार फुटांच्या फरकाने जिना रस्त्यात जातो.

आमच्याकडे येताना सातबारा, गट नंबर आणि असेल तर मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) आणा. शक्यतो विसार देण्याआधी या. नंतर आलात तरी कागद बघू, पण तेव्हा भावाच्या बोलणीत तुमची बाजू पडती असते.