पक्षीय ध्रुवीकरण व प्रतिपक्षाच्या मतदारांविषयीची प्रचारविधाने

निवडणूक प्रचारात उमेदवाराने प्रतिस्पर्ध्यावर किंवा त्याच्या पक्षावर तुटून पडणे हे सर्वमान्य आहे. मात्र तो प्रतिपक्षाला मत देणाऱ्या नागरिकांच्याच समजशक्तीवर, नीतिमत्तेवर किंवा देशनिष्ठेवर बोट ठेवतो, तेव्हा ते विधान वेगळ्या वर्गात मोडते. कारण ज्यांच्याकडे मते मागायची त्यांच्यावरच त्याचा रोख असतो. राज्यशास्त्रात अशा विधानांचा विचार पक्षीय ध्रुवीकरणाच्या, विशेषतः भावनिक ध्रुवीकरणाच्या, अनुषंगाने केला जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अध्यक्षीय निवडणुका विचारात घेतल्या आहेत. द्विपक्ष पद्धती, लांबलचक प्रचारकाळ आणि १९४८ पासून चालत आलेली मतदार-पाहण्यांची परंपरा यांमुळे या विषयाची सामग्री तेथे सर्वाधिक आहे.

इतिहास : गटबाजीविषयीची चिंता अमेरिकी प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. जेम्स मॅडिसन यांनी ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील दहाव्या लेखात (१७८७) तिची मीमांसा केली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७९६ च्या निरोपपत्रात पक्षीय वृत्तीविरुद्ध इशारा आहे, तर कडवट निवडणुकीनंतर अध्यक्ष झालेल्या टॉमस जेफर्सन यांनी १८०१ च्या शपथविधीच्या भाषणात ‘आपण सर्वच रिपब्लिकन, सर्वच फेडरलिस्ट’ (त्या वेळचे दोन पक्ष) असे म्हटले. प्रतिपक्षाच्या मतदारांनाच लक्ष्य करण्याची पद्धतशीर रीत यादवी युद्धानंतर (१८६१–६५) रुजलेली दिसते. डेमोक्रॅटिक पक्षाला मत म्हणजे बंडखोरांना (फुटून निघू पाहणाऱ्या दक्षिणेला) मत, हा त्या काळातील रिपब्लिकन प्रचाराचा गाभा होता. रिपब्लिकन वक्ते रॉबर्ट इंगरसॉल यांनी १८७६ मध्ये इंडियानापोलिस येथे माजी सैनिकांपुढे केलेल्या भाषणात, हे राष्ट्र मोडू पाहणारा प्रत्येक माणूस डेमोक्रॅट होता, असे सांगितले.

या प्रचारशैलीला ‘रक्ताळलेला सदरा फडकावणे’ असे म्हटले जाई. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मिसिसिपीत कू क्लक्स क्लॅन या गौरवर्णवर्चस्ववादी हिंसक संघटनेने १८७१ मध्ये एका शाळा-अधिकाऱ्याला फटके मारले. मॅसॅचूसेट्सचे प्रतिनिधी बेंजामिन बटलर यांनी त्याचा रक्ताने माखलेला सदरा प्रतिनिधिगृहात खरोखरीच फडकावला, अशी कथा जुन्या ग्रंथांत वारंवार येते. समकालीन कामकाजवृत्तांतात तिला आधार मिळत नाही. दक्षिणेतील डेमोक्रॅटिक गोटात ती मागाहून रचली गेली असावी, हे अलीकडचे मत अधिक ग्राह्य वाटते. कथा खरी असो वा नसो, तिच्यामुळे फटक्यांपेक्षा सदऱ्याचीच चर्चा अधिक झाली, एवढे निश्चित.

अशा विधानाने निवडणूक हातची गेल्याचे पहिले ठळक उदाहरण म्हणून १८८४ ची लढत सांगितली जाते. २९ ऑक्टोबर रोजी सकाळी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलात प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या शिष्टमंडळाने रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांची भेट घेतली. सॅम्युएल बर्चर्ड या उपदेशकाने डेमोक्रॅटिक पक्षाची पूर्वपरंपरा ‘दारू, रोमनपंथ (म्हणजे कॅथलिक पंथ) आणि बंड’ अशी असल्याचे सांगितले. ब्लेन यांनी तेथल्या तेथे हरकत घेतली नाही. डेमोक्रॅटिक मोहिमेच्या लघुलेखकाने ते शब्द टिपले आणि पुढच्या रविवारी कॅथलिक चर्चबाहेर पत्रके वाटली गेली. डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी ११ लाखांहून अधिक मतदान झालेले न्यूयॉर्क राज्य जेमतेम हजार-अकराशे मतांनी जिंकले आणि त्या राज्याच्या ३६ निर्वाचक मतांवर अध्यक्षपद मिळवले. एवढ्या निसटत्या फरकाचे श्रेय एकाच वाक्याला देणे मात्र सावधपणे पाहिले पाहिजे. दारूबंदी पक्षाच्या उमेदवाराने त्याच राज्यात सुमारे २५ हजार मते घेतली होती. शिवाय बर्चर्ड बोलले त्याच दिवशी संध्याकाळी ब्लेन धनाढ्यांच्या मेजवानीला गेले, आणि तिचाही गवगवा झाला.

विसाव्या शतकाच्या मध्यास पक्षभेद इतका पुसट होता की, अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या समितीने १९५० च्या अहवालात दोन्ही पक्षांनी आपापले कार्यक्रम स्पष्टपणे वेगळे करावेत, अशी शिफारस केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतील गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे वळले आणि पुराणमतवादी व उदारमतवादी आपापल्या पक्षात गोळा होत गेले. मॉरिस फियोरिना यांच्या मते ही केवळ वर्गवारी असून सामान्य मतदाराची मते फारशी टोकाला गेलेली नाहीत. ॲलन अब्रामोविट्झ यांना हे अमान्य आहे. राजकारणात रस घेणारे नागरिक खरोखरच दुभंगले आहेत, असे ते म्हणतात. दोघांचे ‘मतदार’ वेगवेगळे आहेत हे ध्यानी घेतले, तर वाद दिसतो तितका मोठा राहत नाही.

भावनिक ध्रुवीकरणाचे मापन : धोरणांवरील मतभेद वाढो वा न वाढो, दुसऱ्या पक्षाविषयीची अढी वाढते, या घटनेला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात. शांतो अय्यंगार, गौरव सूद व इफ्ताख लेल्केस यांच्या २०१२ मधील लेखाने ही संज्ञा रूढ केली. तिचे प्रमुख साधन म्हणजे अमेरिकन राष्ट्रीय निवडणूक अभ्यासातील ‘भावना-तापमापक’. उत्तरदात्याने एखाद्या पक्षाला ० ते १०० अंशांच्या दरम्यान गुण द्यायचे; ५० म्हणजे ना आपुलकी ना राग. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या नोंदींत स्वपक्षाला मिळणारे अंश सत्तरच्या आसपास टिकून आहेत. प्रतिपक्षाचे अंश मात्र अठ्ठेचाळीसच्या आसपासून २०२० पर्यंत विसाच्या घरात उतरले. दरी रुंदावली ती स्वपक्षाविषयीचे प्रेम वाढल्याने नव्हे.

या आकड्यांचा अर्थ लावताना काही गोष्टी विसरल्या जातात. तापमापकाचा प्रश्न ‘डेमोक्रॅटिक पक्ष’ किंवा ‘रिपब्लिकन पक्ष’ यांविषयी असतो, त्यांच्या मतदारांविषयी नव्हे. जेम्स ड्रकमन आणि मॅथ्यू लेव्हेंडस्की यांनी २०१९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, पक्षाचे नाव ऐकताच उत्तरदात्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने पुढारी येतात. सामान्य मतदारांविषयी स्वतंत्रपणे विचारले, तर अंश बरेच वर जातात. म्हणजे तापमापकावरील विसाचा आकडा शेजाऱ्याविषयीच्या द्वेषाचा पुरावा म्हणून जसाच्या तसा वापरता येत नाही. याखेरीज प्रत्यक्ष मुलाखतीकडून इंटरनेटवरील प्रश्नावलीकडे झालेल्या बदलाचाही विचार करावा लागतो. मुलाखतकार समोर बसलेला असताना माणूस शून्य अंश सांगायला कचरतो. पडद्यापुढे एकटा असताना कचरत नाही. या बदलाने आकडे काही प्रमाणात खाली आले असतील, पण घसरण त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

दुसरे साधन म्हणजे विवाहविषयक प्रश्न. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या व्यक्तीशी लग्न केले तर वाईट वाटेल, असे सांगणारे १९६० च्या पाहणीत दोन्ही पक्षांत जेमतेम ४ ते ५ टक्के होते. २०१० मध्ये हे प्रमाण रिपब्लिकनांत निम्म्याच्या जवळ आणि डेमोक्रॅटांत सुमारे एक-तृतीयांश झाले. ही तुलना फार उद्धृत होते. ती काहीशी बेताने घ्यावी. समारा क्लार, याना क्रुपनिकोव्ह व जॉन रायन यांच्या २०१८ च्या प्रयोगात असे आढळले की, होणारी सून वा जावई राजकारणावर क्वचितच बोलतो असे सांगितल्यास नापसंती बरीच घटते. सतत राजकारण बोलणारे माणूस स्वपक्षाचे असले तरी अनेकांना घरात नको असते.

प्रतिपक्षाचा मतदार कसा असतो याविषयीच्या कल्पनाही चुकीच्या असतात. डग्लस आह्लर व गौरव सूद यांच्या पाहणीत (२०१८) उत्तरदात्यांनी अडीच लाख डॉलरांहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या रिपब्लिकनांचे प्रमाण सरासरी ३८ टक्के सांगितले. प्रत्यक्षात ते सुमारे २ टक्के होते. डेमोक्रॅटांत समलिंगी, उभयलिंगी वा पारलिंगी व्यक्तींचे प्रमाण ३२ टक्के मानले गेले, प्रत्यक्षात ६ टक्के. पुढे दिलेली बहुतेक विधाने अशाच ठोकळेबाज चित्रांवर उभी आहेत.

प्रमुख विधाने : एकविसाव्या शतकातील गाजलेली विधाने बहुधा देणगीदारांच्या खासगी बैठकीत केली गेली. तेथे उमेदवार मते मागत नसतो. आपण का जिंकू किंवा का मागे आहोत, हे पैसे देणाऱ्यांना समजावून सांगत असतो आणि त्या ओघात मतदार हा विश्लेषणाचा विषय होतो. बराक ओबामा ६ एप्रिल २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अशाच बैठकीत पेनसिल्व्हेनियातील लहान गावांविषयी बोलले. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेले रोजगार परत आले नाहीत, त्यामुळे लोक कडवट होऊन बंदुकांना, धर्माला किंवा परक्यांविषयीच्या तिटकाऱ्याला चिकटून राहतात, असा त्यांचा आशय होता. ते ध्वनिमुद्रण त्यांच्याच मोहिमेला देणगी दिलेल्या एका हौशी वार्ताहर महिलेने प्रसिद्ध केले. ओबामांनी पेनसिल्व्हेनियातील प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरविणारी) निवडणूक गमावली. नोव्हेंबरात मात्र तेच राज्य जिंकले. त्याच वर्षी उपाध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवार सारा पेलिन यांनी लहान गावांना ‘खरी अमेरिका’ म्हटले आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली.

रिपब्लिकन उमेदवार मिट रॉमनी यांनी १७ मे २०१२ रोजी फ्लॉरिडातील बोका रेटन येथे केलेले विधान सर्वाधिक तपशिलाने अभ्यासले गेले आहे. ४७ टक्के लोक काहीही झाले तरी अध्यक्षांनाच (ओबामांना) मत देतील, ते सरकारवर अवलंबून असतात, प्राप्तिकर भरत नाहीत आणि त्यांची चिंता करणे हे आपले काम नव्हे, असे ते म्हणाले. मद्य वाढणाऱ्या कर्मचाऱ्याने केलेले हे चित्रीकरण ‘मदर जोन्स’ या नियतकालिकाने १७ सप्टेंबर रोजी प्रसिद्ध केले. मूळ आकडा कर धोरण केंद्राच्या २००९ च्या अंदाजातला असून तो केवळ केंद्रीय प्राप्तिकरापुरता आहे. हा कर न भरणाऱ्यांत वेतनावरील कर भरणारे अनेक कष्टकरी होते आणि निवृत्त वृद्धही होते. यांपैकी कित्येक जण रॉमनींचेच मतदार असणार. कर न भरणारे आणि ओबामांना मत देणारे हे दोन वेगळे संच त्यांनी एक मानले, ही खरी चूक. आधी त्यांनी आपले शब्द नेमके नव्हते एवढेच मान्य केले. ४ ऑक्टोबरला विधान सर्वस्वी चुकीचे असल्याचे सांगितले. अंतिम मोजणीत रॉमनींना मिळाली ती ४७ टक्क्यांहून किंचित अधिक मते.

हिलरी क्लिंटन यांनी ९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमधील निधिसंकलनाच्या कार्यक्रमात डॉनल्ड ट्रंप यांचे निम्मे समर्थक ‘निंद्य लोकांच्या टोपलीत’ घालता येतील, असे म्हटले. वर्णद्वेषी, स्त्रीद्वेष्टे अशी विशेषणेही जोडली. दुसऱ्या टोपलीतील लोक सरकारने वाऱ्यावर सोडलेले आहेत, त्यांना समजून घ्यावे, हा भाषणाचा उत्तरार्ध फारसा कोणी उद्धृत केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माफी मागितली ती ‘निम्मे’ या शब्दापुरती. ट्रंप-समर्थकांनी ते दूषण बिरुदासारखे सदऱ्यांवर छापून मिरविले.

ट्रंप यांची विधाने वेगळ्या धाटणीची आहेत. डेमोक्रॅटांना मत देणाऱ्या ज्यूंमध्ये एकतर अज्ञान आहे किंवा मोठी निष्ठाहीनता, असे ते ऑगस्ट २०१९ मध्ये वार्ताहरांसमोर म्हणाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘आतल्या शत्रू’चा उल्लेख त्यांनी दूरचित्रवाणीवर केला, तो कट्टर डाव्यांविषयी होता की व्यापक विरोधकांविषयी, यावर दोन्ही पक्षांचे एकमत नाही. ही विधाने उघड आणि वारंवार केलेली असल्याने त्यांत ‘पकडले जाण्या’चा भाग नसतो. त्यांची बातमी होते, पण फुटलेल्या ध्वनिफितीचा गाजावाजा होत नाही.

तत्कालीन अध्यक्ष जो बायडन २९ ऑक्टोबर २०२४ रोजी एका दूरसंवादात बोलले, तेव्हा ते उमेदवार नव्हते. उमेदवारी कमला हॅरिस यांची होती. दोन दिवसांपूर्वी ट्रंप यांच्या सभेत एका विनोदी कलाकाराने प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या कॅरिबियन प्रदेशाला तरंगता कचरा म्हटले होते. बायडन यांच्या उत्तरात कचरा ठरले ते ट्रंप यांचे ‘समर्थक’ (अनेकवचन) की त्या एका ‘समर्थकाचे’ बोलणे (षष्ठी), हा प्रश्न इंग्रजी लेखनातील अपॉस्ट्रफी या चिन्हावर येऊन ठेपला. दोन्हींचा उच्चार एकच. व्हाइट हाउसने षष्ठीचा पाठ प्रसिद्ध केला, त्यावर अधिकृत लघुलेखक विभागाने आक्षेप नोंदविल्याचे वृत्त असोसिएटेड प्रेसने दिले. कोणी कसे मत दिले यावरून लोकांवर टीका करणे आपल्याला मुळीच मान्य नाही, असे हॅरिस म्हणाल्या. ३० ऑक्टोबरला ट्रंप विस्कॉन्सिनमध्ये कचरागाडीत बसले. बर्चर्ड यांच्या विधानाचीही तारीख २९ ऑक्टोबरच होती आणि तेही लघुलेखकानेच टिपले होते, हा निव्वळ योगायोग.

परिणाम : अशी विधाने निवडणूक फिरवितात, हा समज वृत्तपत्रांत दृढ आहे. राज्यशास्त्रज्ञ साशंक आहेत. जॉन साइड्स व लिन वाव्हरेक यांनी २०१२ च्या लढतीच्या अभ्यासात ४७ टक्क्यांच्या चित्रफितीचा परिणाम अल्प व अल्पकालीन असल्याचा निष्कर्ष काढला. ३ ऑक्टोबरच्या वादसभेनंतर रॉमनी पुन्हा वर आले होते. २०१६ विषयी निवाडा अवघड आहे. तीन राज्यांतील मिळून सुमारे ७८ हजार मतांनी निकाल लागल्यावर कोणतेही कारण निर्णायक ठरविता येते, आणि २८ ऑक्टोबरला केंद्रीय अन्वेषण विभागाच्या (एफबीआय) संचालकांनी क्लिंटन यांच्या ई-मेलच्या चौकशीविषयी अमेरिकी काँग्रेसला (संसदेला) धाडलेले पत्र हे त्यांपैकी एक. आपल्या शब्दांनी ट्रंप यांना आयती भेट दिली, हे क्लिंटन यांनी पुढे मान्य केले. पण उमेदवाराची कबुली हा परिणामाचा पुरावा नव्हे. अशी विधाने कोणाचे मत पालटण्यापेक्षा समर्थकांना चेतविण्यास अधिक उपयोगी पडतात, आणि तेही दुखावलेल्या बाजूच्या, हे मत सध्या अधिक सयुक्तिक दिसते.

अन्य देश : ब्रिटनमध्ये डेव्हिड कॅमेरन यांनी २००६ मध्ये यूके इंडिपेंडन्स पक्षाच्या लोकांना माथेफिरू व छुपे वर्णद्वेष्टे म्हटले, २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तो पक्ष ब्रिटनमध्ये पहिला आला. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचे २८ एप्रिल २०१० चे रॉचडेल येथील उद्गार अनेकदा याच वर्गात घातले जातात. कोटावरचा ध्वनिग्राहक चालू असताना मोटारीत बसून त्यांनी नुकत्याच भेटलेल्या एका वृद्ध महिलेला ‘दुराग्रही बाई’ म्हटले आणि नंतर तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ती मजूर पक्षाचीच जुनी मतदार असल्याने हे उदाहरण काटेकोरपणे या व्याख्येत बसत नाही. मजूर पक्षाने ती सार्वत्रिक निवडणूक गमावली. रॉचडेलची जागा मात्र ८८९ मतांनी जिंकली.