ते १० टक्के-९० टक्केवालं खरं नाहीये
लातूर-नांदेडकडं कॉलेजात प्राध्यापकांना लेगो नाहीतर मातीनं मॉडेल करायला लावणारं वर्कशॉप असलं की एक स्लाइड ठरलेलीच, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं अन् स्वतः केलेलं ९० टक्के, खाली नाव एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं. डेलनं १९४६ साली शंकूची आकृती काढली हे खरं, पण तिच्यात टक्के नव्हतेच, कुठला अनुभव प्रत्यक्ष अन् कुठला अमूर्त एवढंच होतं, आकडे नंतर कुणीतरी चिकटवले (अन् इतके गोल गोल, संशय कसा येत नाही लोकांना!). म्हणून हातानं करणं फालतू असं नाही बरं का. सिव्हिलच्या पोरांनी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला तर तो कुठल्या जोडावर मोडला अन् का, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचं, खरं शिकणं तिथं, अन् नेमका तोच वेळ फोटो काढण्यात जातो.