भिंतीवर वेल चढवायची तर

गेममधला पडका किल्ला आयव्हीने, म्हणजे भिंतीला मुळांनी चिकटून चढणाऱ्या वेलीने, माखलेला दिसला की हल्ली लगेच निकाल लागतो, "एआयने केलंय." बहुतेकदा एआयचा तिथे काडीचाही संबंध नसतो. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात असताना थॉमस लुफ्ट यांनी २००७ साली 'आयव्ही जनरेटर' हा छोटा, मोफत प्रोग्राम लिहिला. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या प्रोग्राममधलं 'आयव्हीजेन' हे अ‍ॅड-ऑन त्याच पद्धतीवर चालतं. आत आहे काय? सदिशांची (दिशा आणि लांबी असलेल्या बाणांची) बेरीज, एक घातांक आणि फाशासारखे पडणारे यादृच्छिक आकडे.

इमारत म्हणजे संगणकाच्या लेखी हजारो त्रिकोण. वेल म्हणजे बिंदूंची माळ, आणि वाढतो तो फक्त शेंडा. पाऊल, म्हणजे शेंडा एका वेळी वाढतो ती लांबी, इमारतीच्या आकाराच्या अर्धा टक्का धरा. प्रत्येक पावलाला तीन दिशा मिसळायच्या: शेंडा आत्ता जिकडे चाललाय ती (भार ०.५), एक यादृच्छिक दिशा (०.२) आणि सर्वांत जवळच्या भिंतीकडची ओढ (०.१). भिंत दूर गेली की ही ओढ कमी होत जाते. यादृच्छिक दिशेत वरच्या बाजूला किंचित झुकतं माप दिलेलं असतं. वेल वर चढते ती मुख्यतः त्यामुळे. सूर्यप्रकाश हिशेबात कुठेच नाही.

खरी गंमत गुरुत्वाकर्षणात आहे. ते सरसकट लावलं तर वेल चढणारच नाही, आणि काढून टाकलं तर फांद्या हवेत तारेसारख्या ताठ उभ्या राहतात. म्हणून प्रोग्राम शेंड्याची 'लटकती लांबी' मोजतो, म्हणजे भिंतीला शेवटचं टेकल्यापासून किती अंतर हवेत काढलं. तिला कमाल लटकत्या लांबीने भागायचं, त्याचा ०.७ वा घात घ्यायचा आणि तेवढ्या पटीत खाली ओढायचं. मर्यादेच्या १० टक्क्यांवर ही खालची ओढ २० टक्के होते, ५० टक्क्यांवर ६२. घात १ ठेवला असता तर सुरुवातीची झुक इतकी लवकर आली नसती. आता बेरीज करून बघा. वरचे तिन्ही भार एकाच दिशेला, सरळ वर लागले तरी ०.८ होतात. गुरुत्वाचा भार १ धरला तर मर्यादेच्या साधारण ७३ टक्क्यांपुढे शेंडा कुठेही वळला तरी खालीच जातो. भिंतीला टेकला की लटकती लांबी पुन्हा शून्य. मर्यादा संपली तर ती फांदी तिथेच थांबते. (मनी प्लांटची वेल खाली लोंबली की घरातला पैसा उतरतो म्हणतात. उतरतो तो शेंडा, आणि तोही आधार संपला म्हणून.)

पाऊल भिंतीच्या आत गेलं तर नवा बिंदू त्रिकोणाच्या प्रतलातून आरशासारखा परावर्तित करून बाहेर काढतात. कोपऱ्यात मात्र एका भिंतीतून काढलेला बिंदू दुसरीत घुसतो. म्हणून पाच-सहा प्रयत्नांनंतर ती फांदी सोडून द्यायची, नाहीतर संगणक तिथेच घिरट्या घालत बसतो.

हात पोळतात ते मापाच्या बाबतीत. मॉडेल मीटरमध्ये आणि पाऊल सेंटिमीटरच्या हिशेबाने, असं झालं की वेल एक तर जागेवर गुंतवळ करते किंवा खिडकीच्या गजांतून आरपार निघून जाते. पातळ भिंतीत पाऊल निम्म्याहून जास्त आत गेलं की जवळचा त्रिकोण पलीकडच्या बाजूचा निघतो आणि शेंडा तिकडे ओढला जातो. अशा वेळी पाऊल भिंतीच्या निम्म्या जाडीपेक्षा कमी ठेवा. वेग हा वेगळाच ताप. १०० शेंडे, १,००० पावलं आणि दोन लाख त्रिकोण म्हणजे २,००० कोटी तपासण्या. त्रिकोण आधी पेट्यांच्या वृक्षात (मोठ्या पेटीत लहान पेट्या, त्यांत आणखी लहान) रचले, तर एका पावलाला काही डझन तपासण्यांत भागतं.

पानं शेवटी. आयव्हीच्या चढणाऱ्या कोवळ्या फांद्यांची पानं खाचांची, फुलोऱ्याच्या फांद्यांची बिनखाचांची. दोन चित्रं ठेवली की काम झालं.

ही पद्धत मुळांनी चिकटणाऱ्या वेलींची. आयव्हीला चालते, कोकणात सुपारीवर चढवलेल्या मिरीलाही चालेल. आधाराभोवती वेढे घेत चढणाऱ्या गोकर्णीला चालत नाही. बारीक काठीवर शेंडा दोनदा टेकतो आणि सुटतो, कारण आधीच्या दिशेचा ०.५ भार त्याला काठीपलीकडे नेतो. वेढे घेणाऱ्या वेलींचे शेंडे आधार शोधत हवेत गोल फिरतात, याची बारीक निरीक्षणं डार्विनने १८६५ साली छापली होती. तेवढं सगळं उभं करायची गरज नाही. चौथी दिशा मिसळायची: काठीचा अक्ष आणि काठीकडची ओढ या दोघांशी काटकोनात असलेली, म्हणजे त्यांचा सदिश गुणाकार. पाऊल काठीच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाएवढं ठेवलं तर एका वेढ्याला साधारण १९ पावलं लागतात, चढ धरून एखाद-दुसरं जास्त. गुणाकाराचं चिन्ह बदललं की वेढा उलटा फिरतो. ते चिन्हही यादृच्छिक ठेवायचा मोह नवख्यांना होतो. ठेवू नका. वेढे घेणारी एखादी जात सहसा एकाच बाजूला वळते, आणि शेजारच्या दोन गोकर्णी उलटसुलट चढलेल्या दिसल्या की बागेत काम करणारा माणूस ती खोट पटकन पकडतो.