आजाराचे पैसे केव्हा भरायचे?

सरकारी रुग्णालयात केसपेपर निघाला, डॉक्टरांनी तपासले आणि चिठ्ठीवरच्या पाचपैकी तीन औषधांपुढे ‘बाहेरून घ्या’ असे लिहिलेले आले, की मोफत उपचार तिथेच संपतो. औषधाच्या दुकानात शेतमजूर आणि बागायतदार दोघेही सारखेच पैसे मोजतात, पण त्यात एकाची दोन दिवसांची मजुरी जाते आणि दुसऱ्याला खर्च जाणवतही नाही. आजारी पडल्यावर खिशातून पैसे भरण्याची पद्धत सर्वांत अन्यायकारक ठरते ती यामुळेच.

एक हजार कुटुंबांच्या गावात वर्षभरात वीस कुटुंबांवर प्रत्येकी 50 हजारांचा रुग्णालयाचा खर्च येतो असे समजू. ज्याचा त्याने सोसायचा म्हटले तर त्यातल्या कित्येक घरांतले दागिने गहाण पडतील; सगळ्या गावाने आधीच वाटून घेतला तर घरटी 1 हजार रुपये येतील. मात्र ही वर्गणी ऐच्छिक ठेवली, तर धडधाकट माणसे बाहेर राहतात, आत बहुतेक आजारीच उरतात, वर्गणी वाढते आणि ती न परवडल्याने आणखी लोक गळतात. शिवाय मजुराला आणि बागायतदाराला सारखाच आकडा लावणे योग्य नाही. वर्गणी सक्तीची हवी आणि मिळकतीच्या प्रमाणात हवी. प्राप्तिकर नेमका तसा असतो. वस्तूंवरचा कर मात्र तसा नाही, कारण साबणाच्या वडीवर गरीबही श्रीमंताइतकाच कर भरतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट मोलाची आहे, तरीही हा वाटा फार मोठा आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते; 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता.

पैसा किती, याइतकाच तो कुठे जातो हाही प्रश्न आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण ते प्रामुख्याने दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, आणि त्या परवडत नाहीत म्हणून सोडून दिल्या की काही वर्षांनी तोच माणूस डायलिसिससाठी येतो, तेव्हा योजना लागू होते. थायलंडने 2002 साली करांच्या पैशातून बाह्यरुग्ण उपचार आणि औषधेही एकाच योजनेत घेतली, तेव्हा रुग्णाने दर खेपेला फक्त 30 बाट द्यायचे होते.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. आता करांतून आलेला पैसा आधी औषधांच्या वेळेवर खरेदीकडे वळायला हवा, म्हणजे केसपेपर घेऊन आलेल्या मजुराला त्याच आवारातल्या औषधखिडकीवर पाचही औषधे मिळतील.