चार पंजांवरची गाडी

गाडीच्या बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हात टेकवा, अंगाचा भार टाकून खाली दाबा आणि एकदम सोडा. गाडी वर उसळेल, किंचित खाली येईल आणि थांबेल. दोन-तीनदा हिंदकळत राहिली तर शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) गेले, असं साताऱ्यातला कुठलाही मिस्त्री सांगेल. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पार मेलेला शॉकअप या परीक्षेत सापडतो, थकलेला सापडत नाही.

भाचा कराडहून आपली सेडान घेऊन आला तेव्हा मी पहिलं काम हेच केलं. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. "मामा, यवतेश्वरच्या घाटात गाडी फार झुकते. लोअरिंग स्प्रिंगा मागवल्यात. ४० मिलिमीटर खाली घेतो, मग बघा, रस्त्याला चिकटून जाईल." डिकीत खोका होता. आत लालभडक, जाड तारेच्या चार स्प्रिंगा. दिसायला देखण्या होत्या, हे कबूल करायला हवं.

मी जन्मभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. त्यामुळे "नको बसवू" एवढंच सांगून गप्प बसणं मला जमत नाही. आम्ही गाडी काढली आणि कासच्या रस्त्याला लागलो.

आधी वळणाचा हिशेब. घाटातल्या एखाद्या आवळ वळणाची त्रिज्या २५ मीटर धरा आणि वेग ताशी ४० किलोमीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की आडवं त्वरण येतं सेकंदाला सेकंदाला सुमारे ४.९ मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं. तोच वेग ५० केला तर आकडा ७.७ वर जातो. कोरड्या डांबरावर चांगला टायर जेमतेम तेवढं धरतो. जुलैत, धुक्यात, शेवाळलेल्या कडेवर तो धरणार नाही.

हे सगळं बल रस्त्याकडून गाडीला मिळतं ते चार छोट्या जागांमधून. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो. माणसांसकट गाडी १३०० किलोची, म्हणजे एका चाकावर ३२५ किलो. भागाकार केला की टायर रस्त्याला टेकतो ती जागा १४० चौरस सेंटीमीटरच्या आसपास येते. आपला हाताचा पंजा तेवढाच असतो. स्प्रिंग, शॉकअप, सांध्यांतले रबरी बुश, बार या सगळ्या पसाऱ्याचं काम एकच: हे चार पंजे रस्त्यावर टेकलेले ठेवायचे आणि प्रत्येकावर शक्य तितका सारखा भार ठेवायचा.

भाच्याला वाटत होतं की गाडी झुकते म्हणून भार बाहेरच्या चाकांवर जातो, आणि कडक स्प्रिंगांनी झुकणं थांबलं की भारही जागच्या जागी राहील. असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे हा भार स्प्रिंगमुळे सरकत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून अर्धा मीटर वर असतो आणि टायरचं बल रस्त्याच्या पातळीवर लागतं, म्हणून सरकतो. वजन गुणिले त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन चाकांमधली रुंदी, एवढंच सूत्र. स्प्रिंगचा कडकपणा त्यात कुठे आहे? नाहीच. १३०० किलोची गाडी, आडवं त्वरण गुरुत्वाच्या निम्मं, उंची अर्धा मीटर, रुंदी १.४५ मीटर: सुमारे २२४ किलो भार आतल्या चाकांवरून उचलून बाहेरच्यांवर पडणार. स्प्रिंगच्या जागी लोखंडी कांब बसवली तरी तेवढाच.

मग गाडी खाली घेतल्याचा फायदा काहीच नाही? आहे. गुरुत्वमध्य ५० सेंटीमीटरवरून ४६ वर आला तर तो २२४ चा आकडा २०६ होतो, म्हणजे शंभरात आठची बचत. पण त्वरण वेगाच्या वर्गावर चालतं. त्याच वळणावर ४० ऐवजी ३८ ने गेलो तर बचत जवळजवळ दहा टक्के. खोक्यातल्या स्प्रिंगांपेक्षा उजव्या पायाचा अंगठा जास्त काम करून जातो. हे ऐकून भाचा म्हणाला, "मग गाडी घरीच ठेवू का?" तरुण माणसाशी आकड्यांत बोललं की असं होतं.

भार सरकल्यानं बिघडतं काय, तेही बघू. पालखीचे चार भोई डोळ्यांपुढे आणा. वळताना बाहेरच्या दोघांवर जास्त वजन आलं, तर ते पेलतात. पण दुप्पट वजन दिलं म्हणून दुप्पट चांगलं पेलत नाहीत, आणि आतल्या दोघांचे मोकळे खांदे ती भरपाई करत नाहीत. टायरचंही तसंच. भार वाढतो तशी पकड वाढते, पण त्या प्रमाणात नाही. त्यामुळे एका धुऱ्यावरच्या दोन टायरांवर भार जितका विषम, तितकी त्या दोघांची मिळून पकड कमी.

एकूण सरकणारा भार ठरलेला असला, तरी त्यातला किती पुढच्या धुऱ्यानं सोसायचा आणि किती मागच्यानं, हे मात्र स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं रोखणारा दांडा) ठरवतात. सेडानमध्ये खरा खेळ इथे आहे. आपल्याकडच्या रोजच्या सेडान, डिझायर घ्या नाहीतर सिटी, इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढेच. पुढचे टायर वजन सोसतात, ओढतात, वळवतात, ब्रेकचा मोठा वाटाही घेतात. म्हणून वेगात वळताना आधी पुढचंच टोक बाहेर जातं. स्टिअरिंग फिरवलंय, पण गाडी सरळ जायला बघते. मागचा धुरा झुकण्याला थोडा जास्त विरोध करेल असं केलं, तर सरकणाऱ्या भारातला जास्त वाटा तो घेतो आणि पुढचा बाहेरचा टायर सुटकेचा श्वास टाकतो. गाडी नाकाने वळू लागते. परदेशात काही गाड्यांना मागे जादा बार लावतात तो यासाठीच. पण तो जास्त झाला तर ओल्या रस्त्यावर, वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट फिरतं. पुढचं टोक बाहेर गेलं तर पाय काढला की बहुधा निभावतं. शेपूट फिरलं तर घाटात ते सावरायला जागा नसते. कंपनीने गाडी मुद्दाम थोडी आळशी ठेवलेली असते ती याच हिशेबाने. मला तरी तो आळस मान्य आहे.

आता स्प्रिंग. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली आपला शोध लॅटिन वाक्याची अक्षरं विस्कटून छापला, कुणी चोरू नये म्हणून, आणि १६७८ साली उलगडा केला: जसा ताण, तसं बल. गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये आणखी एक गंमत आहे. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. तार दहा टक्के जाड केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग सेहेचाळीस टक्के कडक होते. लाल स्प्रिंगांची तार नुसती बघून "थोडी जाड आहे" म्हणणं म्हणूनच फसवं.

कडकपणाचा अनुभव आपल्याला येतो तो हेलकाव्याच्या गतीतून. गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती दाबते, यावरून ती गती काढता येते. २५ सेंटीमीटर दाबली गेली तर सेकंदाला एक हेलकावा, ११ सेंटीमीटरला दीड, ६ सेंटीमीटरला दोन. रोजच्या गाड्या एक ते दीडच्या दरम्यान ठेवतात. यामागे आपलं शरीर आहे. चालताना आपण सेकंदाला दोनच्या आसपास पावलं टाकतो, त्यामुळे त्या मानाने सावकाश हेलकावे अंगाला खुपत नाहीत. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वरखाली थरथर मात्र पोटाला आणि पाठीला सर्वात जास्त झोंबते. जुन्या बैलगाडीत आसावर थेट साटा, मध्ये स्प्रिंग नाही; बसणाऱ्याच्या हाडांना सगळा रस्ता पाठ होतो. टांग्याला निदान पाटे असतात.

उलट्या टोकाला, फार संथ हेलकावा मळमळ आणतो. साधारण पाच सेकंदांना एक, ही त्यातली सर्वात वाईट गती. यवतेश्वर किंवा पसरणी घाटात डावं-उजवं वळण किती सेकंदांनी येतं ते मोजा. मागच्या सीटवरची पोरं आवळासुपारी का मागतात ते कळेल. हा हेलकावा रस्त्याचा आणि चालवणाऱ्याचा आहे, त्यावर कोणतीही स्प्रिंग उपाय नाही.

वरच्या टप्प्यावर गाडी थांबवली, तेव्हा भाच्याने विचारलं, "मग गाडी झुकते ती झुकतेच का एवढी?" प्रश्न रास्त होता. कारण येताना मलाही एक गोष्ट खटकली होती. वळणात शिरताना गाडी आधी जराशी डगमगे, मग झुके, आणि वळण संपल्यावर पुन्हा एकदा उलट झुके. गतिरोधकावरून उतरताना पुढून बारीक खडखड येई. तो दोष स्प्रिंगचा नव्हता.

शॉकअप म्हणजे तेलात चालणारी पिचकारी. रंगपंचमीला पिचकारी सावकाश दाबली तर पाणी सहज येतं, जोरात दाबली तर हात अडतो. तसंच दट्ट्याच्या छोट्या छिद्रांतून तेल जितक्या वेगाने जायला बघतं, तितका विरोध. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा अशी तेलात उष्णता होऊन जिरते. शॉकअप झुकणं थांबवत नाही. झुकायला किती वेळ लागावा आणि नंतर किती हिंदकळावं, हे ठरवतो. ड्रायव्हरला "गाडी पक्की वाटते" ती बरीचशी यामुळेच. शिवाय स्प्रिंगखालचं चाक टायरच्या हवेवर स्वतंत्रपणे सेकंदाला दहा-पंधरा वेळा उड्या मारू शकतं. थकलेल्या शॉकअपला त्या आवरता येत नाहीत. ब्रेक लावताना त्या पंजाएवढ्या जागेवरचा भार एकसारखा राहत नाही आणि गाडी थांबायला अंतर जास्त लागतं.

म्हणून माझं मत असं की पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी चांगल्या शॉकअपवर खर्चावेत, आणि त्याही आधी रबरावर. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे बुश, बारला जोडणारा लिंक रॉड, स्ट्रटची वरची माउंटिंग, ही सगळी ऊन, चिखल आणि वर्षांनी कडक होतात, चिरतात. बुश ढिला झाला की वळणात चाकाची दिशा आपोआप थोडी बदलते, मग कितीही भारी स्प्रिंग बसवा. पुढे असतो तो मॅकफर्सन स्ट्रट: स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात तो घडवला. रचना स्वस्त, आटोपशीर, जगभर पसरलेली; पण हा खांबच चाकाला वरून धरून ठेवतो, त्यामुळे त्याची माउंटिंग गेली की स्टिअरिंगवर लगेच जाणवतं.

याच स्ट्रटमुळे गाडी खाली घेण्यात आणखी एक खोच आहे. लोअर आर्म मूळ स्थितीत साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी ४० मिलिमीटर खाली आली की तो चाकाकडे चढता होतो. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू मग गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. झुकवणारा हात लांबतो, म्हणजे खाली घेतलेली गाडी झुकायलाच जास्त बघते, आणि कडक स्प्रिंगचा बराचसा जोर ते भरून काढण्यात जातो. वर चाकाला दबायला उरलेली जागा कमी. वळणात खड्डा आला की स्ट्रट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर आपटतो, क्षणात त्या चाकाची स्प्रिंग जणू दगड होते आणि पकड सुटते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बदलते ती वेगळीच.

आणि गतिरोधक? ठरलेल्या मापाचा असेल तर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पाठ गोलसर. पण गावागावांतले किती जण ते माप पाळतात हे आपण बघतोच. अरुंद, उभा, रात्रीत उगवलेला. सेडानचा तळ मुळात १६०-१७० मिलिमीटरवर. त्यातून ४० वजा, पाच माणसं बसल्यावर आणखी काही. येताना एका वस्तीपाशी भाच्याची आहे ती गाडीच खाली घासली होती. तो काही बोलला नाही, मीही नाही.

सोमवारी गाडी मिस्त्रीकडे गेली. पुढचे दोन्ही लोअर आर्म बुश चिरलेले, एका लिंक रॉडचा बॉल खुळखुळा झालेला, उजवा शॉकअप तेलाने ओला. डाव्याला काही झालं नव्हतं, तरी शॉकअप जोडीनेच बदलायचे; नाहीतर एक पाय नवा, एक जुना. मागचे टायर गुळगुळीत होते तेही बदलले. शेवटी अलाइनमेंट. स्प्रिंगा कंपनीच्याच ठेवल्या. बदलायच्या असत्याच तर विमा कंपनीला कळवूनच, हे मी बजावलं.

मिस्त्रीने मधेच एक सल्ला दिला होता: "एक वेढा कापून टाकू की, फुकटात गाडी खाली." हे मात्र कुणी करू नये. वेढे कमी झाले की स्प्रिंग तितकी कडक होते, सहाचे पाच झाले तर वीस टक्के. तेवढ्याने बिघडत नाही. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबलं की तोकडी स्प्रिंग जागा सोडू शकते.

वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात, तेही हेच गणित वापरतात: अडकवलेला वेढा काम करत नाही, उरलेली स्प्रिंग कडक होते, पण उंची कमी होत नाही. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिचं अर्ध्या क्विंटलहून जास्त ओझं कायम मागच्या धुऱ्यावर असतं, गाडी मागे बसते, हेडलाइट वर बघतात. तिथे मागच्या स्प्रिंगांना बफर लावणं मला पटतं. पण रिकाम्या गाडीला चारही बाजूंनी बफर लावणाऱ्यांना स्वतःची पाठ प्यारी नसावी.

पुढच्या रविवारी त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. झुकणं जवळपास तेवढंच होतं, पण आता गाडी एकदाच झुकत होती आणि तिथे ठरत होती. खडखड नाही, उलटा हेलकावा नाही. भाचा दोन वळणं गप्प होता. तिसऱ्याला म्हणाला, "मामा, त्या लाल स्प्रिंगा परत घेतील का हो?" परत घ्यायची मुदत संपली होती. खोका सध्या आमच्या माळ्यावर आहे.